पहिला दिवस नदीचा

डॅन्यूब नदीवरच्या आठवडाभराच्या क्रूझचं माहितीपत्रक उघडलं, की पहिल्या दिवसाच्या रकान्यात बहुधा दोनच ओळी दिसतात. ‘पासाऊ येथे जहाजावर आगमन. रात्रीचे जेवण जहाजावर.’ बुडापेस्टची संसद, व्हिएन्नाचे राजवाडे, मेल्कचा मठ यांच्यापुढे हा दिवस अगदीच किरकोळ वाटतो. मुंबईहून रात्रभर विमानात अवघडून आलेली मंडळी सामान लावतात, जेवतात आणि आडवी होतात. माझं मत वेगळं आहे. पुढचे सगळे दिवस शहरं पाहण्यात जातात. नदी समजून घ्यायची खरी संधी या पहिल्याच दिवशी मिळते.

पासाऊ हे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातलं, ऑस्ट्रियाच्या सीमेला टेकलेलं छोटं शहर. म्युनिकच्या विमानतळावरून बसने साधारण दोन तासांत पोहोचता येतं, हे क्रूझ इथून सुटण्याचं एक कारण. दुसरं कारण नदीतच आहे. पासाऊच्या वरच्या अंगाला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे 70 किलोमीटरचा पट्टा असा आहे, की तिथे डॅन्यूबवर एकही बंधारा नाही. नदी मोकळी वाहते, त्यामुळे उन्हाळा कोरडा गेला की पाणी उथळ होतं आणि मोठ्या जहाजांची वाट बंद होते. इथे बंधारा बांधावा की नाही यावर बव्हेरियात कित्येक वर्षं वाद चालला. पर्यावरणवाद्यांनी नेट धरला आणि 2013 मध्ये राज्य सरकारने बंधाऱ्याशिवायच पात्र सुधारायचं ठरवलं. पासाऊच्या खाली मात्र एकामागून एक बंधारे आहेत, म्हणून तिथे पाण्याची खोली बऱ्यापैकी हमखास मिळते.

दुपारी पोहोचलात तर केबिनमध्ये बॅगा टाकून आधी संगमावर जा. गावातल्या धक्क्यापासून जुन्या शहराच्या टोकापर्यंत चालत फार वेळ लागत नाही. डॅन्यूबला उत्तरेकडून इल्झ आणि दक्षिणेकडून इन अशा दोन नद्या जवळजवळ एकाच जागी येऊन मिळतात. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना संगमाचं अप्रूप सांगायला नको. पासाऊला विशेष आहे तो रंगांचा. इल्झ बव्हेरियाच्या जंगलातल्या दलदलीतून, कुजलेल्या पालापाचोळ्याच्या मातीतून येते, म्हणून तिचं पाणी काळसर. इन येते आल्प्समधून. हिमनद्यांनी घासून बारीक केलेल्या दगडाची भुकटी तिच्या पाण्यात असते, म्हणून ती दुधाळ हिरवी. मधली डॅन्यूब या दोन्हींपेक्षा वेगळी. तिन्हींचं पाणी काही अंतर शेजारी-शेजारी वाहत राहतं आणि वरून, ओबरहाउस किल्ल्याच्या तटावरून, त्यांच्यातल्या रेषा स्पष्ट दिसतात. हा किल्ला 1219 मध्ये पासाऊच्या बिशपने बांधायला घेतला. आल्प्समधलं मीठ इन नदीतून इथवर यायचं आणि पुढे खेचरांच्या पाठीवर बोहेमियात जायचं. त्या मिठावर इथले बिशप श्रीमंत झाले.

यातली एक गोष्ट फार थोड्या प्रवाशांना कळते. वर्षभराची सरासरी काढली, तर पासाऊला इन नदी डॅन्यूबपेक्षा थोडं जास्तच पाणी आणते. आल्प्समधला बर्फ वितळतो तेव्हा, म्हणजे मे ते जुलैच्या सुमारास, तिचा जोर सर्वांत मोठा असतो. म्हणजे तुम्ही उन्हाळ्यात गेलात, तर आठवडाभर ज्या पाण्यावर तरंगणार आहात त्यातला मोठा वाटा हिमशिखरांवरून आलेला असतो.

परतताना जुन्या नगरभवनाच्या भिंतीजवळ थांबा. वेगवेगळ्या शतकांतल्या महापुरांच्या खुणा तिथे वर्षांसकट रेखलेल्या आहेत. 3 जून 2013 रोजी इथे डॅन्यूबची पातळी 12.89 मीटरवर गेली होती. त्याहून मोठा पूर शोधायचा तर 1501 पर्यंत मागे जावं लागतं. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला या खुणांपुढे उभं राहिल्यावर वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आता जहाज. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विचित्र वाटतं, कारण ते लांबच लांब आणि बुटकं असतं. युरोपातल्या नद्यांवरचं आजचं नेहमीचं क्रूझ जहाज 135 मीटर लांब आणि साधारण 11.4 मीटर रुंद असतं. प्रवासी जास्तीत जास्त 190 च्या आसपास, मजले तीन, वर मोकळा डेक. समुद्रावरच्या क्रूझला हजारो माणसं मावतात, मग इथे एवढा संकोच का? कारण हे माप कुणा डिझायनरने काढलेलं नाही. माइन नदीवरची लॉक, म्हणजे जहाजांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या कोठ्या, 12 मीटर रुंद आहेत, आणि ऱ्हाइनवर एका जहाजाला 135 मीटरपेक्षा लांब असायची परवानगी नाही. ॲमस्टरडॅमहून बुडापेस्टला जायचं, तर ऱ्हाइन, माइन आणि डॅन्यूब असं तिन्हींतून जावं लागतं. त्यामुळे लॉकमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम अर्धा मीटर उरेल एवढीच रुंदी ठेवता येते.

माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा हा युरोपचा फार जुना ध्यास. सम्राट शार्लमेनने 793 मध्ये असा कालवा खणायला सुरुवात केली होती. त्याचे अवशेष आजही आहेत. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने बांधलेला कालवा 1846 मध्ये पूर्ण झाला, पण तो अरुंद होता आणि लवकरच रेल्वेने त्याला मागे टाकलं. आजचा 171 किलोमीटरचा कालवा 25 सप्टेंबर 1992 रोजी पूर्णपणे खुला झाला. त्याचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून 406 मीटरवर आहे. म्हणजे जहाजं लॉकच्या पायऱ्यांनी डोंगर चढतात, माथा ओलांडतात आणि पलीकडे उतरतात. त्याच सुमारास पूर्व युरोपातल्या सीमाही खुल्या झाल्या होत्या. नॉर्थ समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत नदीतून जाता येऊ लागलं आणि आज आपण ज्याला रिव्हर क्रूझ म्हणतो त्या व्यवसायाला खरा बहर आला.

उलटं उदाहरण पाहिलं की मुद्दा आणखी नीट कळतो. 2019 मध्ये आलेलं ‘आमामाग्ना’ हे जहाज 22 मीटर रुंद, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. केबिन प्रशस्त, जागा ऐसपैस. पण ते माइनच्या लॉकमध्ये मावत नाही, म्हणून डॅन्यूब सोडून त्याला कुठेही जाता येत नाही.

रुंदीसारखीच उंचीही नेमकी. पुलांखालून जाताना डेकवरची छपरं आणि कठडे आडवे पाडतात. कॅप्टनची केबिनसुद्धा खाली सरकते. पूल फारच ठेंगणे असले तर प्रवाशांना वरच्या डेकवर जाऊ देत नाहीत. आणि पाण्याखालचा भाग दीड मीटरच्या आसपास, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीएवढा. 135 मीटरचं तीनमजली हॉटेल एवढ्याशा पाण्यात चालतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बोट लागेल का? नाही लागत. नदीला लाटा नाहीत, त्यामुळे जहाज डोलत नाही. रात्री जाग आलीच, तर ती लॉकच्या भिंतीला जहाज हलकेच घासल्याने किंवा इंजिनाच्या घरघरीने येते. म्हणून केबिन निवडताना मजल्याइतकंच तिचं स्थानही पाहावं. अगदी मागची केबिन इंजिनाजवळ, अगदी पुढची वळवण्याच्या यंत्राजवळ. मध्यावरची सगळ्यांत शांत. तळमजल्यावरच्या केबिनची खिडकी छताला लागून असते, उघडत नाही आणि पाणी तिच्या थोडंच खाली असतं. भाडंही तिथे कमी. बाल्कनीसाठी ज्यादा पैसे भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, की गर्दीच्या मोसमात धक्क्यावर जागा कमी पडते आणि दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून बांधली जातात. मग बाल्कनीचा पडदा उघडला की समोर शेजारच्या जहाजातल्या माणसाची बाल्कनी! गावात जायचं तर त्या जहाजाच्या स्वागतकक्षातून चालत जावं लागतं. यात गैरसोय थोडी आहे, पण नदीवरचा हा जुना शिष्टाचार आहे आणि सगळे तो आनंदाने पाळतात.

स्वागतकक्षातले सोपस्कार लवकर उरकतात. पासपोर्ट बहुधा ठेवून घेतात, कारण पुढच्या देशांच्या नोंदी जहाजावरचे लोकच करतात. एक कार्ड मिळतं. उतरताना आणि चढताना ते दाखवायचं, म्हणजे कोण मागे राहिलं ते कळतं. सुरक्षेची कवायत सगळ्यांना सक्तीची, ती टाळू नये. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते आरक्षणाच्या वेळीच कळवलेलं बरं. पहिल्या संध्याकाळी सांगितलं तर स्वयंपाकघराची धावपळ होते, कारण भाजीपाला ठरावीक बंदरांवरच चढतो. औषधांच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. नदीवरच्या बहुतेक जहाजांवर डॉक्टर नसतो, गरज पडली तर जवळच्या गावातल्या दवाखान्यात नेतात. तेव्हा रोजची औषधं हातातल्या पिशवीत असू द्यावीत.

संध्याकाळी दोर सुटतात, आणि इथून पुढे वर डेकवरच राहावं. काठावर अधूनमधून किलोमीटरचे आकडे लिहिलेल्या पाट्या दिसतील. पासाऊजवळ आकडा 2226 च्या आसपास असतो आणि तो कमी-कमी होत जातो. डॅन्यूब मोजतात ती मुखापासून. शून्य आहे रोमानियात, काळ्या समुद्राकाठच्या सुलिना गावी. 1856 च्या पॅरिसच्या तहानंतर डॅन्यूबच्या मुखाची देखभाल करण्यासाठी युरोपीय देशांनी एक आयोग नेमला आणि त्याचं बरंचसं काम सुलिनाला चालायचं. आजच्या डॅन्यूब आयोगाचं कार्यालय बुडापेस्टला आहे. दहा देशांतून वाहणारी ही नदी कुणा एकाच्या मर्जीवर न राहता सगळ्यांच्या जहाजांना खुली राहते, ती अशा करारांमुळे. कृष्णेच्या पाण्यावरून राज्याराज्यांत होणारे तंटे वाचत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांनी याकडे कौतुकाने पाहावं असं मला मनापासून वाटतं.

पाण्यात तरंगणाऱ्या पिंपांचीही एक भाषा आहे. प्रवाहाच्या दिशेने तोंड केलं तर जहाजाच्या वाटेची उजवी कड लाल आणि डावी कड हिरव्या खुणेने दाखवतात. समोरून मालवाहू जहाज आलं, तर त्याच्या उजव्या अंगाकडे नजर ठेवा. नेहमीचा नियम एकमेकांना डावीकडे ठेवून जाण्याचा. पण प्रवाहाविरुद्ध येणाऱ्याला उजवीकडून जायचं असेल, तर तो मोठी निळी पाटी उभी करतो आणि तिच्यावर पांढरा दिवा लुकलुकतो. आपलं जहाजही लगेच तशीच पाटी दाखवतं. प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्याला बाजू निवडायचा हक्क असतो आणि उतरणाऱ्याने ती मान्य करायची. एकदा हे कळलं की आठवडाभर प्रत्येक समोरासमोर भेट पाहायला मजा येते.

पासाऊ सोडल्यावर थोड्याच वेळात उजव्या काठावर ऑस्ट्रिया सुरू होतो, डावीकडे जर्मनी तसाच राहतो. सुमारे वीस किलोमीटर सीमा नदीच्या मधोमध आपल्या सोबतीने चालते, आणि ना चौकी ना कुंपण. दोन्हीकडे गर्द झाडीचे डोंगर. ऑस्ट्रियाच्या बाजूला कड्यावर क्राम्पेलश्टाइन नावाचा छोटा किल्ला दिसतो. तिथे एक शिंपी आपल्या बकरीसोबत राहायचा, बकरी मेली तेव्हा तो तिला नदीत फेकायला गेला आणि शिंगं कपड्यात अडकून दोघंही खाली गेली, अशी गोष्ट इथले लोक सांगतात. काठावरून सायकलस्वारांची रांग जात असते. पासाऊ ते व्हिएन्ना ही युरोपातली फार लोकप्रिय सायकलवाट आहे, आणि तिचा बराच भाग म्हणजे घोड्यांची जुनी वाट. वाफेची इंजिनं येण्याआधी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटी काठावरून घोडे ओढत न्यायचे. 1829 मध्ये व्हिएन्नात आगबोटींची कंपनी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी तिची पहिली बोट बुडापेस्टकडे निघाली आणि हळूहळू घोड्यांचं काम संपलं.

पासाऊहून 23 किलोमीटरवर योखेनश्टाइन येतं. पहिला बंधारा, पहिलं लॉक. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी 1952 मध्ये करार करून हा जलविद्युत प्रकल्प हाती घेतला आणि 1956 मध्ये तो पूर्ण झाला. महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती, ऑस्ट्रियात अजून परकीय फौजा होत्या, तेव्हाचा हा करार. सीमेवर आडवा बांधलेला 132 मेगावॉटचा हा प्रकल्प दोन्ही देशांना वीज देतो.

जहाज लॉकमध्ये शिरतं तेव्हा कॅप्टन बाहेरच्या नियंत्रण-पेटीपाशी उभा असतो आणि भिंतीकडे बघत बोटभर दांड्याने सगळं जहाज इंचाइंचाने आत घेतो. इथली कोठी 230 मीटर लांब आणि 24 मीटर रुंद आहे, म्हणजे शेजारी आणखी एक जहाज मावतं. खलाशी दोर खुंटाला अडकवतो. मागचं दार बंद होतं. मग तळाची झडप उघडते आणि कोठीतलं पाणी पलीकडच्या खालच्या पातळीकडे निघून जाऊ लागतं. पंप नाही, इंजिन नाही, पाणी आपल्या वजनाने जातं. आधी जाणवतसुद्धा नाही. डेकच्या बरोबरीला असलेला लॉकचा काठ गुडघ्याएवढा होतो, कमरेएवढा होतो, डोक्यावर जातो. ओल्या, शेवाळलेल्या काँक्रीटची भिंत वर सरकत राहते. तिच्यावरून पाण्याच्या धारा गळत असतात, हवा एकदम गार होते आणि ओल्या दगडाचा वास येतो. साधारण दहा मीटर, म्हणजे तीन मजले उतरल्यावर पुढचं दार उघडतं आणि खालची नदी समोर येते. एकूण वेळ वीस मिनिटांच्या आसपास. पासाऊपासून व्हिएन्नाच्या धक्क्यापर्यंत अशी नऊ लॉक लागतात. भारतात असा अनुभव गंगेवर फरक्क्याला घेता येतो. 13 जानेवारी 2023 रोजी वाराणसीहून दिब्रुगडला निघालेलं ‘गंगा विलास’ जहाज हुगळीत उतरलं ते फरक्क्याच्या वाटेनेच.

लॉकजवळ नदीत एक खडक आहे. त्याच्यावरूनच जागेला नाव पडलं. त्यावर संत नेपोमुक यांची छोटी मूर्ती आहे. 1393 मध्ये प्रागला त्यांना नदीत बुडवून मारलं गेलं, म्हणून मध्य युरोपात पुलांचे आणि नदीवरच्या माणसांचे रक्षक म्हणून त्यांना मानतात. आपल्याकडे घाटावर जशी देवळं, तशा यांच्या मूर्ती पुढेही पुलापुलांवर भेटतील.

पुढे काही अंतरावर श्लोएगेनचा वळसा येतो. कठीण खडकाला अडून डॅन्यूब तिथे जवळजवळ उलटी फिरते. दुर्दैवाने बऱ्याच कार्यक्रमपत्रिकांत हा भाग पहिल्या रात्री अंधारात निघून जातो. जूनमध्ये पासाऊला सूर्य नऊनंतर मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहाच्या सुमारास. सहलीचा महिना ठरवताना तिकिटाच्या दराबरोबर हा हिशेबही करावा. मला विचाराल तर जूनच बरा.

शेवटी एक गोष्ट मनात पक्की करून निघा. नदीचं पाणी कुणाच्या हातात नाही. 2018 आणि 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यांत ऱ्हाइन आणि डॅन्यूबवरच्या अनेक सहली विस्कळीत झाल्या. पूर आला की लॉक बंद होतात आणि पुलांखालून जहाजं जाऊ शकत नाहीत. अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने अडचणीच्या पट्ट्यापलीकडे नेऊन तशाच दुसऱ्या जहाजावर बसवतात, क्वचित जहाज धक्क्यालाच ठेवून रोज बसने फिरवतात. आरक्षण करण्याआधी अशा प्रसंगी काय होईल, पैसे किती परत मिळतील, हे लेखी मागून घ्या. आणि जहाजावर पाऊल ठेवल्यावर स्वागतकक्षात वाय-फायच्या पासवर्डआधी पहिलं लॉक किती वाजता येणार ते विचारा. वेळ कळली की स्वेटर घालून वरच्या डेकवर जाऊन उभे राहा. जेवण अर्धा तास उशिरा झालं तरी चालेल.